पेन्सिल, चिकटपट्टी आणि मीटर: ग्राफीन घरी सोलायचं कसं आणि त्यात बघायचं काय

टीव्हीच्या रिमोटचं एखादं बटण मेलं की आम्ही मेकॅनिक लोक काय करायचो, ते आता सांगायला हरकत नाही. रिमोट उघडायचा, रबरी पॅडखालच्या काळ्या टिकल्या स्पिरिटने पुसायच्या, आणि तरीही काम होईना तर त्या टिकलीवर ६बी पेन्सिल घासायची. झालं काम. गिऱ्हाईक समोर उभं असेल तर पेन्सिल काउंटरखाली धरून, कारण पेन्सिल घासण्याचे पैसे कोण देतं? रेडिओच्या व्हॉल्यूमचा पॉट, म्हणजे आवाजाच्या फिरत्या बटणामागचा भाग, खरखरायला लागला तरी तोच इलाज. लालबागला माझं दुकान ३१ वर्षं चाललं. पेन्सिलीतून वीज जाते हे मला पक्कं ठाऊक होतं. कशी जाते हे मी एकदाही विचारलं नाही.

विचारलं ते भाचीने. प्राजक्ता तेव्हा एम.एस्सी.ला फिजिक्स करत होती, गणपतीला घरी आली होती. माझा पेन्सिलीचा किस्सा ऐकून म्हणाली, "मामा, म्हणजे तू आयुष्यभर ग्राफीनचे ढीग घासत बसलास की!" मी म्हटलं, ग्राफीन ते मोठ्या प्रयोगशाळेत असतं. तर म्हणाली, पहिल्यांदा ते चिकटपट्टीनेच काढलं होतं. मला ते थापेसारखं वाटलं. थाप नव्हती. त्यानंतर दोन वर्षं मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर जे काय केलं, त्यातलं जमलेलं आणि फसलेलं इथे लिहितो.

आधी थोडक्यात, ही वस्तू काय आहे. पेन्सिलीतलं ग्रॅफाइट म्हणजे कार्बनच्या अणूंचे थर, पत्त्यांच्या कॅटसारखे एकावर एक ठेवलेले. एका थरात अणू मधमाशीच्या पोळ्यासारख्या षटकोनांत बसलेले असतात, शेजाऱ्यापासून ०.१४२ नॅनोमीटरवर (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग), आणि घट्ट बांधलेले. पण वरचा थर आणि खालचा थर यांच्यात ०.३३५ नॅनोमीटरची फट असते आणि त्यांची पकड अगदी ढिली. म्हणून पेन्सिल कागदावर उतरते. त्यातला एकच पत्ता बाजूला काढला की त्याला ग्राफीन म्हणायचं. असा एकच थर असेल तर त्यात इलेक्ट्रॉन कसे वागतील याचं गणित फिलिप वॉलेस यांनी १९४७ मध्येच मांडलं होतं. पत्ता सुटा करून त्यातून वीज सोडून दाखवली ती आंद्रे गाइम आणि कॉन्स्टँटिन नोव्होसेलोव्ह यांनी, मँचेस्टर विद्यापीठात, २००४ मध्ये. २०१० चं नोबेल त्यांना मिळालं. हेच ते गाइम, ज्यांनी आधी चुंबकावर जिवंत बेडूक तरंगवून दाखवला होता. असा माणूस चिकटपट्टी हातात घेणारच.

सामान

६बी किंवा ८बी पेन्सिल, झेरॉक्सचा साधा कागद, स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल, कपड्यांचे दोन चिमटे, आणि डिजिटल मल्टिमीटर. मीटर लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मिळतो तो साधाच चालेल; २० किलोओहमची आणि तिच्या वरची रेंज असली म्हणजे झालं. एवढ्यावर पहिला प्रयोग होतो. सोलायचं असेल तर फ्लेक ग्रॅफाइट घ्या, म्हणजे चकाकणाऱ्या पापुद्र्यांचं. पावडर घेऊ नका, तिचे पापुद्रे आधीच चुरडलेले असतात. पेन्सिलीच्या शिशात माती मिसळलेली असते, तिच्यातून निघतं ते फारच बारीक. जुन्या सेलमधली कार्बनची कांडी आणि मिक्सरच्या मोटरचे कार्बन ब्रश घरात भरपूर होते म्हणून मी आधी त्यांच्यावर आठवडा घालवला. ते भाजून घट्ट केलेलं कार्बन असतं, त्याला धड थरच नसतात. पट्टीला फक्त काळं लागतं.

चिकटपट्टी पारदर्शक हवी, आणि ताजी. पॅकिंगची तपकिरी पट्टी अजिबात नको, तिचा डिंक सगळीकडे राहतो. दुधी रंगाची, जिच्यावर लिहिता येतं ती पट्टी डिंक सगळ्यात कमी सोडते, असा माझा अनुभव.

पहिला प्रयोग: चौकोन मोजा

सोलण्याआधी हे करा. घाईने पट्टीकडे वळलात तर पुढचं काही कळणार नाही.

कागदावर १ सेंटिमीटर रुंद आणि ७ सेंटिमीटर लांब पट्टा आखा. ६बी पेन्सिलीने तो भरा, आधी उभा, मग आडवा, मग पुन्हा उभा. कुठे पांढरं दिसता कामा नये. आता फॉइलच्या दोन घड्या करून पट्ट्याच्या दोन टोकांवर एक-एक सेंटिमीटर दाबून बसवा आणि वर चिमटे लावा. मध्ये ५ सेंटिमीटर उरले पाहिजेत. मीटरच्या पिना सरळ पट्ट्यावर टेकवू नका. पिनेचं टोक एका बिंदूला लागतं आणि आकडा भलताच येतो. वीज पूर्ण रुंदीतून आत शिरली पाहिजे, त्यासाठी फॉइल. आणि पिना बोटांनी धरू नका. हे दुकानात मी प्रत्येक नव्या पोराला सांगायचो आणि प्रत्येक पोरगा बोटांनीच धरायचा.

कंटिन्युइटीवर, म्हणजे तार जोडलेली आहे का ते बघायच्या खुणेवर, ठेवलंत तर मीटर बीप करणार नाही. पट्टा खराब आहे म्हणून नव्हे, रोध (विजेला होणारा अडथळा) काही दहा ओहमच्या खाली असेल तरच बीप वाजतो म्हणून. २० किलोओहमच्या रेंजवर घ्या. माझ्या पट्ट्याला ३० किलोओहमच्या आसपास आलं, रेंज वाढवावी लागली. मग स्टीलच्या चमच्याची पाठ घेऊन पट्टा चांगला घोटला, आरशासारखा चमकेपर्यंत. तेच १४ किलोओहमवर आलं.

१ सेंटिमीटर रुंद, ५ सेंटिमीटर लांब, म्हणजे एकापुढे एक पाच चौकोन. १४ भागिले ५, एका चौकोनाला २.८ किलोओहम. आता दुसरीकडे ३ बाय ३ सेंटिमीटरचा एकच मोठा चौकोन तसाच भरा, तसाच घोटा आणि मोजा. साधारण तोच आकडा येईल. चौकोन लहान असो की मोठा, जाडी तीच असेल तर रोध तोच, कारण लांबी जितकी वाढली तितकीच रुंदीही वाढली. पातळ थरांच्या जगात म्हणूनच सगळे 'चौकोनाला इतके ओहम' असं बोलतात. मला हे कुणी आयटीआयमध्ये शिकवलं नव्हतं, आणि पॉटच्या ट्रॅकवर मी आयुष्य काढलं.

आता यातली खरी गंमत. घोटल्यावर रोध निम्म्यावर आला, पण ग्रॅफाइट तर तेवढंच होतं. कागद बाहेरच्या बाजूने वाकवा, आकडा चढतो. आतल्या बाजूने वाकवा, उतरतो. म्हणजे रोध ग्रॅफाइटमध्ये नाही, तो दोन कणांच्या जोडांत आहे. आणखी एक हिशेब घ्या. ग्राफीनचा एकच थर, तो सगळ्यात कमी वाहत असेल त्या स्थितीतही, चौकोनाला साधारण ६ किलोओहम देतो. पेन्सिलीचा पट्टा एक मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड धरला तर त्यात सुमारे ३,००० थर झाले. ६ किलोओहमचे ३,००० रेझिस्टर पॅरलल लावा: २ ओहम. आणि आपल्या मीटरवर २,८०० दिसतायत! बाकी सगळं म्हणजे आमच्या भाषेत ड्राय सोल्डर. प्रत्येक कण आतून उत्तम वाहतो आणि शेजाऱ्याला नीट चिकटलेला नाही.

एकट्या अणूच्या जाडीचा थर आणि तो अख्ख्या पेन्सिलीच्या पट्ट्याच्या तोडीला तोड वाहतो, हे मला त्या दिवशी मीटरवर दिसलं. मग सोलायची इच्छा झाली.

सोलणं

हातभर लांब पट्टी कापून घ्या, दोन्ही टोकं दुमडून धरायला जागा करा. एका टोकाजवळ तांदळाच्या दाण्याएवढा ग्रॅफाइटचा पापुद्रा ठेवा. पट्टी दुमडून त्यावर दाबा, नखाने नव्हे, खोडरबराने. मग सावकाश उलगडा. पापुद्र्याचे दोन भाग झाले, दोन्हीकडे एक-एक. पुढच्या वेळी थोडं सरकवून कोऱ्या जागेवर दाबा.

किती वेळा? कागदावरचा हिशेब असा: पापुद्रा ०.१ मिलिमीटर जाड असेल तर त्यात सुमारे ३ लाख थर. दर वेळी निम्मे झाले तर १८ वेळा सोलल्यावर एक उरावा. पहिल्या आठवड्यात मी मोजून अठरा वेळा सोललं आणि पट्टीभर राखाडी भुकटी झाली. कारण थर बरोबर मधोमध फाटत नाहीत, आणि दर वेळी ते आडवेही तुटतात. सहा ते आठ वेळा पुरे. पट्टीवर चकाकणारे सुटे तुकडे दिसत असतानाच थांबायचं. पूर्ण मळकट झाली की त्या पट्टीचं काही होत नाही.

मुंबईची हवा इथे आडवी येते. जून ते सप्टेंबर हा उद्योग करूच नका. पट्टीच्या डिंकावर आणि ज्याच्यावर चिकटवायचं त्या पृष्ठभागावर पाण्याचा पातळ थर बसतो, आणि ग्राफीन त्याच्यावरून सरकून परत पट्टीवरच जातं. माझं काम जमलं ते डिसेंबरात. पट्टीचं रीळ मी बुटांच्या खोक्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर स्टीलच्या डब्यात ठेवतो.

पट्टीवरच जाडी ओळखायची एक युक्ती आहे. ग्राफीनचा एक थर पांढऱ्या प्रकाशातला २.३ टक्के प्रकाश शोषतो. २००८ मध्ये हे मोजलं गेलं, आणि मोजणाऱ्यांत पुढे होते ते मूळचे केरळचे राहुल नायर. अणूएवढ्या जाडीला २.३ टक्के हे भलतंच जास्त आहे, म्हणूनच तर तो डोळ्यांना दिसू शकतो. पट्टी ट्यूबलाइटसमोर धरा. एखादा राखाडी डाग निम्माच प्रकाश सोडत असेल, तर तिथे सुमारे ३० थर आहेत. म्हणजे १० नॅनोमीटर, ओट्यावर सोललेले. त्याच्या कडेला जो जेमतेम दिसतो-न दिसतो असा भाग असतो, त्याच्यात आपला माल असतो.

वेफर, तवा आणि सूक्ष्मदर्शक

एक थर नक्की बघायचा तर पट्टी पुरत नाही. त्यासाठी सिलिकॉनचा वेफर, म्हणजे पातळ चकती, लागतो, ज्याच्यावर ३०० नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर चढवलेला आहे. प्राजक्ताने मला चार तुकडे आणून दिले. "मामा, वेफर आणलेत," असं तिने दारातून ओरडून सांगितलं आणि आतून बायकोने विचारलं, "केळ्याचे का बटाट्याचे?" तुकडे जांभळ्या रंगाचे दिसतात. तो रंग ऑक्साइडच्या जाडीमुळे येतो, पाण्यावर तेलाचा तवंग रंगीत दिसतो तसा. ग्राफीनचा थर वर बसला की त्या रंगात किंचित फरक पडतो आणि तोच आपल्याला दिसतो. जाडी इतकी नेमकी लागते की ३०० ऐवजी ३१५ नॅनोमीटर झाली तर एकेरी थर दिसेनासा होतो. तेव्हा घेताना जाडी विचारून घ्या. ऑक्साइड नसलेल्या स्वस्त तुकड्यावर हजार वेळा चिकटवलंत तरी काही दिसायचं नाही.

तुकडा आधी गरम करून कोरडा करा. मी लोखंडी तवा बारीक गॅसवर ठेवतो; थेंब टाकला की चुर्र करून उडाला, म्हणजे शंभर अंशांच्या पुढे गेला. गॅस बंद करून तुकडा चिमट्याने तव्यावर दोन मिनिटं ठेवतो. कडा काचेसारख्या धारदार असतात, हाताने उचलू नका. कोमट असतानाच त्यावर पट्टी लावायची, खोडरबराने एक मिनिट दाबायची, आणि मग अगदी आडवी, पालीच्या चालीने, ओढायची. इथे घाई केली की सगळं गेलं. (तवा स्वतंत्र ठेवा. हे मी घरच्या अनुभवावरून सांगतोय.)

सूक्ष्मदर्शक शाळेतला चालत नाही. त्यात प्रकाश खालून येतो आणि सिलिकॉन अपारदर्शक आहे. वरून प्रकाश टाकणारा, धातू तपासायचा लागतो. माझ्या एका जुन्या गिऱ्हाइकाच्या मेटल टेस्टिंगच्या जागेत तो होता. कमी पॉवरवर सगळा तुकडा चाळा. सोनेरी-पिवळे दिसतात ते जाड, सोडून द्या. निळे त्याहून पातळ. फिकट जांभळे आणखी पातळ. या फिकट जांभळ्याच्या शेजारी एखादी सावलीसारखी जागा शोधा, मागच्या रंगापेक्षा जेमतेम गडद. हिरव्या प्रकाशात ती सगळ्यात उठून दिसते, फरक दहा टक्क्यांच्या आसपास. मला पहिली सावली तीन रविवारांनंतर सापडली, केसाच्या जाडीपेक्षाही लहान. ती एकच थर आहे का दोन, हे डोळ्यांवर सोडू नका. ते रामन स्पेक्ट्रोस्कोपी, म्हणजे लेझरचा विखुरलेला प्रकाश तपासण्याची पद्धत, सांगते, आणि ती घरी होत नाही. माझी सावली दोन थरांची निघाली. दुसऱ्या तुकड्यावरची मात्र एकेरी होती.

त्यात इलेक्ट्रॉन वेगळं काय करतो

हे समजायला मला सगळ्यात जास्त दिवस लागले. प्राजक्ता 'वस्तुमान नसलेले इलेक्ट्रॉन' म्हणायची आणि मी म्हणायचो, इलेक्ट्रॉनला वजन असतं हे पुस्तकात छापलेलं आहे. शेवटी उत्तर सापडलं गणपतीच्या आगमनात.

चिंचपोकळीच्या पुलावर मिरवणुकीपासून लांब उभे राहा. ढोलावर टिपरू पडलेलं आधी दिसतं, आवाज मागून येतो. पण ढोल आणि ताशा? ढोलाचा आवाज जाड, ताशाचा कडकडीत, तरी दोन्ही एकदम पोचतात. म्हणून ठेका लांबूनही ठेकाच राहतो. आवाज जाड असो की बारीक, हवेत वेग तोच.

इलेक्ट्रॉनही लाट आहे, आणि त्याची ऊर्जा म्हणजे त्याचा सूर. किती जोरात वाजतो ते नव्हे, किती वरचा सूर लागतो ते. सिलिकॉनमध्ये वरच्या सुराचा इलेक्ट्रॉन जास्त वेगाने पळतो. तिथे मिरवणूक निघाली असती तर ताशा आधी आला असता, ढोल रखडत मागून, आणि ठेक्याची वाट लागली असती. वस्तुमान असणं म्हणजे हेच: ऊर्जा घाल, वेग वाढेल. ग्राफीनमध्ये तसं होत नाही. ऊर्जा कमी असो की जास्त, वेग एकच, सेकंदाला सुमारे १० लाख मीटर. प्रकाशाच्या वेगाचा तीनशेवा भाग. प्रकाशही असाच, तांबडा आणि निळा एकाच वेगाने जातात, आणि प्रकाशाच्या कणाला वस्तुमान नसतं. म्हणून ग्राफीनमधला इलेक्ट्रॉन वजन नसल्यासारखा वागतो. इलेक्ट्रॉन तोच आहे, जाळीने त्याची चाल बदललेली आहे.

जाळी हे का करते? कार्बनच्या बाहेरच्या चार इलेक्ट्रॉनांपैकी तीन शेजाऱ्यांना बांधण्यात गुंततात, चौथा मोकळा. षटकोनी जाळीत अणूंच्या दोन जाती पडतात. पहिल्या जातीचे तिन्ही शेजारी दुसऱ्या जातीचे आणि उलट. रसायनाने दोन्ही अगदी सारखे. या सारखेपणामुळे भरलेल्या पातळ्या आणि रिकाम्या पातळ्या यांच्यात फट उरत नाही, त्या एका टोकावर भेटतात. कागदावर काढलं तर शंकूवर उलटा शंकू, टोकाला टोक, थेट डमरू. सिलिकॉनमध्ये याच जागी १.१ इलेक्ट्रॉन-व्होल्टची (हे ऊर्जेचं माप) दरी असते. डमरूच्या कमरेला डिराक बिंदू म्हणतात.

नळ बंद होत नाही

आता ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेचा नळ. वेफरचं सिलिकॉन खाली, ऑक्साइड मध्ये, ग्राफीन वर, ग्राफीनला सोन्याचे दोन संपर्क. खालचं सिलिकॉन झालं गेट, म्हणजे या नळाची चावी. हे घरी करायचा प्रयत्न करू नका. संपर्क बसवायलाच प्रयोगशाळा लागते, आणि गेटला पन्नास-साठ व्होल्ट लावावे लागतात. प्राजक्ताच्या विभागात मी शेजारी बसून बघितलं. पण त्या आलेखात बघायचं काय, ते सांगतो, कारण तो कुठेही छापलेला सापडेल.

गेटचं व्होल्टेज आडवं, रोध उभा. आलेख डोंगरासारखा असतो, मध्ये शिखर, दोन्हीकडे उतार. गेटला प्लस दिलं की थरात इलेक्ट्रॉन जमतात, रोध उतरतो. मायनस दिलं की होल, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा, जमतात, रोध तसाच उतरतो. ३०० नॅनोमीटर ऑक्साइडवर दर व्होल्टला चौरस सेंटिमीटरमध्ये असे सुमारे ७,२०० कोटी इलेक्ट्रॉन किंवा होल जमतात. आमच्याकडे ट्रान्झिस्टरच्या दोन जातींचे, इलेक्ट्रॉनवर चालणाऱ्या एनपीएनसाठी बीसी ५४७ आणि होलवर चालणाऱ्या पीएनपीसाठी बीसी ५५७, असे दोन डबे असायचे. इथे एकच तुकडा दोन्ही कामं करतो, गेट फिरवलं की झालं.

शिखर म्हणजे डिराक बिंदू, आणि ते शून्य व्होल्टला असायला हवं. त्या दिवशी ते २८ व्होल्टवर होतं. जुलै महिना! हवेतलं पाणी आणि ऑक्सिजन थराला चिकटतात, त्यातले इलेक्ट्रॉन ओढून घेतात. निर्वात डब्यात तापवल्यावर शिखर शून्याकडे सरकलं. ज्याला मी आठवडाभर शिव्या घालत होतो तोच गुण कामाचाही आहे: २००७ मध्ये ग्राफीनवर बसणारा वायूचा एकेक रेणू रोधातल्या पायरीवरून ओळखून दाखवला गेला.

पण शिखरावरही रोध साधारण ६ किलोओहमच असतो, अनंत नाही. हा ट्रान्झिस्टर बंदच होत नाही. आटा गेलेल्या नळासारखा, कितीही पिळा, धार चालूच. सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर चालू आणि बंद यांत लाखो पटींचा फरक देतो, हा दहा-वीस पट. दरी नाही, तर थांबवणार कशाने? त्यातून समोरून अडथळा उभा केला तरी सरळ येणारा इलेक्ट्रॉन त्यातून पार होतो. परत फिरायला त्याला अणूंच्या त्या दोन जातींशी असलेलं आपलं नातं बदलावं लागतं, आणि गुळगुळीत अडथळा ते बदलू देत नाही. म्हणून 'ग्राफीन प्रोसेसर' म्हणून कुणी काही विकायला आलं तर त्याला आधी विचारा, बंद कसा करता? दोन थरांच्या ग्राफीनमध्ये थरांना काटकोनात विद्युतक्षेत्र लावून दरी पाडता येते, २००९ मध्ये २५० मिली-इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत पाडून दाखवली. सिलिकॉनच्या पाव भागाहून कमी.

मीटर हातात धरून आयुष्य काढलेल्या माणसाला आवडेल असं मात्र एक आहे. ग्राफीन तीव्र चुंबकक्षेत्रात ठेवलं की आडवा रोध, म्हणजे प्रवाहाच्या आडव्या दिशेने मोजलेला, पायऱ्यापायऱ्यांनी ठरतो. एक पायरी १२,९०६ ओहमची. तुकडा लहान, मोठा, वाकडा, कसाही असो, आकडा तोच, कारण तो फक्त निसर्गाच्या दोन स्थिरांकांतून येतो. ग्राफीनमधल्या या पायऱ्या २००५ मध्ये सापडल्या, २००७ मध्ये खोलीच्या तापमानालाही दिसल्या. आता रोधाची प्रमाणं ठरवायला ग्राफीन वापरतात. रंगपट्ट्या नसलेला, कधी न चुकणारा रेझिस्टर.

मच्छरदाणीचा प्रयोग

शेवटचा प्रयोग घरचाच, त्याला मीटरही नको. षटकोनी भोकांची जुनी मच्छरदाणी घ्या, तिचे हातभर रुंद दोन तुकडे कापा. एक पुठ्ठ्यावर टाचण्यांनी ताणून बसवा, दुसरा त्याच्यावर ठेवा आणि सावकाश फिरवा. काळेपांढरे मोठे डाग उमटतील. कोन जितका लहान, तितके डाग मोठे.

ग्राफीनचे दोन थर असे एकमेकांवर १.१ अंशाने फिरवले तर इलेक्ट्रॉन जवळजवळ थांबतात. ढोल-ताशाची ती एकसारखी चाल मंदावते, आणि मंद झालेले इलेक्ट्रॉन एकमेकांची दखल घ्यायला लागतात. कोन असाच जादूचा ठरेल हे गणित बिस्ट्रिट्झर आणि मॅकडोनाल्ड या शास्त्रज्ञांनी २०११ मध्ये मांडलं. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत पाब्लो हारियो-एरेरो यांच्या गटाने १.७ केल्विनला, म्हणजे उणे २७१ अंशांच्या आसपास, असा जोड रोधाशिवाय वीज वाहतो हे दाखवलं. नुसतं फिरवून.

तो कोन जाळीवर लावायचा असा: एका कोपऱ्यात दोन्ही जाळ्यांतून टाचणी मारा. तिच्यापासून ५० सेंटिमीटरवर वरची जाळी बरोबर १ सेंटिमीटर सरकवा. डागांमधलं अंतर फूटपट्टीने मोजा. ते दोन भोकांमधल्या अंतराच्या पन्नास पटींच्या आसपास यायला हवं. भोकं २ मिलिमीटरवर असतील तर डाग १० सेंटिमीटरवर. ग्राफीनमध्ये हेच अंतर १३ नॅनोमीटर येतं आणि प्रयोगशाळेतही कोन किती लागला ते डाग मोजूनच पडताळतात. डाग तिरके किंवा ताणल्यासारखे आले तर जाळी एका बाजूला ओढली गेली आहे. कडेच्या टाचण्या काढा, हाताने सपाट करा आणि पुन्हा लावा.